१५३ रुपये ४० पैसे

भिवंडीत केबल कुणी मोडली असं विचारलं तर लोक मोबाइलचं नाव घेतात, थोडे बरे पैसेवाले फायरस्टिकचं. दोन्ही खरं आहे, पण ते नंतरचं. माझ्या लाइनीवरून गिऱ्हाइकाचा पाय पहिल्यांदा निघाला तो एका कागदामुळे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नवा दरनियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला, आणि त्याच्या आधी आम्ही घरोघरी छापील यादी वाटत फिरलो. एका बाजूला चॅनेलचं नाव, दुसऱ्या बाजूला महिन्याची किंमत, मध्ये खूण करायला चौकट. शंभर चॅनेलांपर्यंत १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. या शंभरात दूरदर्शनची सक्तीची चॅनेलं आलीच. पैशाची चॅनेलं हवी असतील तर त्यांचे दाम वेगळे. स्टार प्लस १९, सोनी १९, झी टीव्ही १९, कलर्स १९, आणि वर पुन्हा कर.

हेतू चांगला होता. ज्याला जे बघायचं त्याचेच त्याने पैसे द्यावेत, यात वाईट काय? पण ती यादी ज्या घरात गेली त्या घरात बेरीज सुरू झाली. तोवर माझ्याकडे कुणी चॅनेलची किंमत विचारल्याचं मला आठवत नाही. महिना भरला की ‘केबलचे पैसे’ द्यायचे, एवढंच लोकांना ठाऊक. आमचा धंदा त्या न मोजण्यावरच उभा होता, वरपासून खालपर्यंत. ते कसं, हे सांगायला मागे जावं लागेल.

मी कामतघरचा. वडील लूममध्ये जॉबर होते. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता आणि रविवारी सकाळी त्या घराचा उंबरा दिसायचा नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ सालचं. वरळीचा मनोरा भिवंडीपासून हवाई अंतराने चाळीसेक किलोमीटर. घरातल्या छोट्या अँटेनाने भागायचं नाही. पत्र्यावर लोखंडी पाइप उभा करायचा, त्याला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, तोंड नैर्ऋत्येला वरळीकडे, आणि तिथून खिडकीतून आत येणारी चपटी वायर. बूस्टर लावला तरी पावसात पडद्यावर मुंग्या यायच्याच. पण एकदा अँटेना बसला की महिन्याला कुणाला काही द्यायचं नसायचं.

केबल आली ती आधी पिक्चर घेऊन. आमचा शेठ एका खोलीत व्हीसीआर लावून आजूबाजूच्या घरांना रोज दोन सिनेमे सोडायचा. १९९१ सालच्या आखाती युद्धानंतर सगळ्यांना उपग्रहाचं वेड लागलं, स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं, आणि शेठने गच्चीवर जाळीची भलीमोठी छत्री बसवली. बारावीनंतर मी त्याच्याकडे लागलो तो वायर ओढणारा पोरगा म्हणून. छत्रीखालच्या खोलीला ‘कंट्रोल रूम’ म्हणायचे. आत एका लाकडी रॅकवर रिसिव्हर नि मॉड्युलेटर, त्यांच्यावर पंखा, आणि चपला बाहेर काढायची सक्ती.

केबलवाल्याचं काम सगळीकडे एकच असतं असं लोकांना वाटतं. भिवंडीत ते वेगळं होतं, कारण इथे भिंती हलतात. खाली लूमचं शेड, वर खोल्या, आणि धोटे चोवीस तास चालू. त्या हादऱ्याने वायरीची पिन थोडी थोडी करून सैल होते. डोंबिवलीत वर्षभर टिकणारा जॉइंट नारपोलीच्या गल्लीत पावसाळ्यापर्यंत टिकला तरी नशीब. सुताची रुई उडून ॲम्प्लिफायरच्या डब्यात जाऊन बसायची, डबा तापायचा, आणि संध्याकाळी सीरियलच्या वेळी नेमकी सगळी गल्ली काळी. वर चढून डबा उघडला की आतून उशीचा कापूस काढावा तसा गोळा निघायचा. आवाज आला का, हे लूमच्या खडखडाटात कळायचंच नाही. मी गिऱ्हाइकाला खिडकीतून हातवारे करून विचारायचो आणि तोही आतून हातानेच सांगायचा.

त्या डब्याला वीज कुठून? खांबाजवळच्या कुणाच्या तरी घरातून. त्या बदल्यात त्या घराला केबल फुकट. हा करार कागदावर कधीच नव्हता. त्या घराची वीज गेली की अर्ध्या आळीचा टीव्ही बंद, आणि शिव्या मात्र आम्हाला. पुढे २६ जानेवारी २००७ ला भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं. खाजगी फ्रँचायझीकडे वितरण देण्याचा हा देशातला पहिलाच प्रयोग. नवे मीटर बसले आणि वर्षानुवर्षं आम्हाला वीज देणारी एक काकी बिल हातात घेऊन म्हणाली, “तुझा डबा किती खातो रे?” मोजण्याची ती पहिली चाहूल होती, पण तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं.

सर्वांत जास्त डोळे एका वायरीवर कुठे असतील तर ते बिस्सीत. बिस्सी म्हणजे लूम कामगारांची खानावळ, महिन्याच्या पैशांवर दोन वेळचं जेवण. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली माणसं. बारा तासांची पाळी. एका खोलीत दिवसपाळीवाले निजायचे तिथेच सकाळी रातपाळीवाले येऊन पाठ टेकायचे. खोलीत टीव्हीला जागाच नसे. टीव्ही बिस्सीत, कोपऱ्यात उंच फळीवर, कुलूपबंद जाळीत. एक कनेक्शन आणि समोर पंगतीमागून पंगत. आमच्या वहीत मात्र ते ‘१’ असं लागायचं.

वहीचीही गंमत होती. १९९५ च्या केबल कायद्याने आम्हाला पोस्टात नोंदणी करायला लावली. जिथे मनीऑर्डर करायची त्याच खिडकीवर टीव्हीवाल्यांचा फॉर्म. राज्य सरकारचा करमणूक कर महापालिका हद्दीत जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये. चॅनेलवाल्या कंपन्यांनाही जोडणीच्या संख्येवर पैसे द्यायचे. पण ॲनालॉग वायर मोजणार कोण? एका वायरीला स्प्लिटर लावला की दोन घरं, दोनाची चार. म्हणून या धंद्यात ‘डिक्लेअर’ केलेली घरं एक आणि खरी घरं भलतीच, हे सगळ्या देशात उघड गुपित होतं. कंपनीला माहीत, करवाल्याला माहीत. घरातल्या दुसऱ्या टीव्हीचे पैसेही कुणी मागत नसे. मीच खिशातून स्प्लिटर काढून द्यायचो, चहा मिळायचा.

सेट टॉप बॉक्सने हे संपवलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग बंद झालं, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला मार्च २०१३ ची मुदत होती. आमची भिवंडी तिसऱ्या टप्प्यातली, मुदत ३१ डिसेंबर २०१५. मग कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ती जानेवारी २०१७ पर्यंत लांबली. तोवर खाडीपलीकडचे पाहुणे आमच्याकडे येऊन म्हणायचे, अजून तुमच्याकडे मुंग्याच? बॉक्स आला तसा प्रत्येक टीव्हीला नंबर मिळाला. आता घर वहीत नव्हतं, सर्व्हरवर होतं. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स आणि दुसरं भाडं. लोकांनी काय केलं? आतल्या खोलीतला टीव्ही बंद केला. पोरं मोबाइलकडे वळली ती त्या दिवसापासून; ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेव्हा त्यांना आयतं रान मिळालं. केबल सोडणारा पहिला वर्ग म्हणजे घरातला दुसरा टीव्ही, हे मी शपथेवर सांगेन.

बॉक्समागे एक यूएसबीचं भोक होतं, त्याचं माहात्म्य फार थोड्यांना कळलं. पद्मानगरात एक आक्का होत्या. पद्मानगर म्हणजे आमच्या भिवंडीतलं तेलुगू गाव. विणकर पद्मशाली तीन पिढ्या इथे, घरात तेलुगू, दारात मराठी. आक्कांची तेलुगू सीरियल आणि त्यांच्या मालकांची क्रिकेटची मॅच एकाच वेळी यायची. मी त्यांना पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. दुपारी कांड्या भरता भरता त्या आदल्या रात्रीचा भाग बघायच्या, जाहिराती पळवत. गल्लीत त्यांचा भाव वाढला. मग एक दिवस पेनड्राइव्ह घेऊन बहिणीकडे गेल्या आणि तिथे काही लागेना. त्या रेकॉर्डिंगला कुलूप असतं. ज्या बॉक्सवर केलं त्याच बॉक्सवर चालतं. “माझे पैसे, माझा पेनड्राइव्ह, मग कुलूप त्यांचं कसं?” असं त्या मला विचारत होत्या. मी काय सांगणार?

तर अशा घरांत २०१९ ची यादी गेली. आक्कांना तेलुगूही हवं, नातवंडांसाठी मराठी आणि कार्टून, मालकांना क्रिकेट. सगळ्या चौकटींत खुणा करून बेरीज केली तर आधीच्या बिलापेक्षा शंभराने जास्त. आधी याच सगळ्याचे अडीचशे व्हायचे आणि तीनशे-साडेतीनशे चॅनेलं यायची. आता निवडून घेतलेली मोजकीच चॅनेलं महाग. ब्राह्मण आळीतले एक निवृत्त मास्तर उलट टोकाचे. त्यांनी यादीवर एकही खूण केली नाही.

“मी सह्याद्री बघतो आणि बातम्या. त्या फुकट आहेत असं तुझाच कागद म्हणतो. मग १५३ कशाचे?”

“वायरीचे, सर.”

“वायर तर तू अठ्ठ्याण्णव साली टाकलीस.”

यावर उत्तर नव्हतं. शिवाय त्या १३० रुपयांतलं माझ्या हातात किती पडतं हे मी त्यांना सांगितलं नाही. नियमाप्रमाणे वेगळा करार नसेल तर वरच्या कंपनीला ५५ टक्के आणि स्थानिक केबलवाल्याला ४५, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. त्यातून पोरांचा पगार, वायर, खांब, वसुली. पुढे २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत दोनशे चॅनेलं द्यायचा बदल झाला, पण एकदा बेरीज शिकलेला माणूस ती विसरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर दरांच्या भांडणात मोठ्या प्रसारकांनी अनेक केबल जाळ्यांवरची चॅनेलं काही दिवस बंदच केली. काळ्या पडद्यावरची सूचना वाचून जे गेले त्यातले निम्मे परतले नाहीत.

बिस्सीवाल्यांनी सर्वांत आधी निर्णय घेतला. डीडी फ्री डिश: छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याला शून्य. सिनेमे, बातम्या, भोजपुरी गाणी, त्यांना हवं ते सगळं त्यात. छत्र्या बसवायला आमचीच पोरं जायची, रविवारची कमाई म्हणून. मी अडवलं नाही. अडवून त्यांच्या घरी काय शिजलं असतं? वीस वर्षांपूर्वी याच पत्र्यांवर आम्ही नैर्ऋत्येला तोंड केलेले अँटेना उतरवून भंगारात घातले होते. आता त्याच पाइपांना छत्री, तोंड आग्नेयेला, ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ कडे.

मास्तरांनी वेगळा उद्योग केला, तो सांगण्यासारखा आहे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. तिथे त्याने केबल काढून टाकली होती आणि घरावर अँटेना लावला होता. अँटेनाची वायर एका रेकॉर्डर डब्यात, डब्याला हार्ड डिस्क, तिथून वायफायवर घरातल्या सगळ्या टीव्हींना. कार्यक्रम आपोआप साठवले जातात, सवडीने बघायचे. बाकीसाठी टीव्हीमागे एक स्ट्रीमिंगची काडी. महिन्याचे शंभरावर डॉलर वाचले म्हणून पोरगा खूश. दिवाळीला येताना त्याने वडिलांसाठी तसाच एक डबा आणला. मास्तरांनी मला बोलावलं आणि आम्ही तिघं गच्चीवर. मी जुन्या पद्धतीने अँटेना वरळीकडे फिरवला, मुलगा मोबाइलवर डब्याला चॅनेलं शोधायला लावत होता. शोध पूर्ण, सापडलं काही नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. अमेरिकेतलं हवेतलं डिजिटल प्रक्षेपण एटीएससी पद्धतीचं. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह काही शहरांत सुरू केलेलं डीव्हीबी-टी२ पद्धतीचं. डब्याला आपली भाषाच येत नव्हती.

मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, समज डबा चालला असता, तरी त्यात काय लागलं असतं? दूरदर्शनची चार-पाच चॅनेलं. तुमच्या तिकडे सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स, लोकांना हवी असलेली मोठी चॅनेलं हवेतून फुकट मिळतात, म्हणून अँटेना लावून केबल सोडता येते. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवायचा हक्क दूरदर्शनशिवाय कुणाला कधी मिळालाच नाही. झी, स्टार, सोनी जन्मापासून उपग्रहावरची. ती घरात यायची तर केबलवाल्याच्या नाहीतर डिशवाल्याच्या दारातूनच. म्हणून अमेरिकन माणूस केबल सोडून अँटेनाकडे परत जाऊ शकतो. भिवंडीकर सोडतो तो छत्रीकडे किंवा इंटरनेटकडे. दूरदर्शनने पुढे जुने ॲनालॉग प्रक्षेपकही बहुतेक बंदच केले. मास्तर सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे मी छत्रीच लावू ना?” लावली. तो अमेरिकन डबा अजून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात आहे, घडीव आहे म्हणून टाकवत नाही.

टाळेबंदीत माणसं चालत गावाला निघाली, लूम बंद, बिस्स्या बंद. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवलं आणि काही दिवस फोन वाजत राहिला: दूरदर्शन कितव्या नंबरला? मला वाटलं होतं केबल सावरेल. सावरलं इंटरनेट. घरून शाळा, घरून काम. लोकांनी टीव्ही राहू दे, आधी नेट दे म्हटलं. त्या वर्षी मी कर्ज काढून काचेची वायर जोडायचं मशीन घेतलं. केसाएवढ्या दोन टोकांना ते मशीन समोरासमोर आणून ठिणगीने वितळवून एक करतं. फायबरला लूमचा हादरा बाधत नाही, मध्ये ॲम्प्लिफायर लागत नाही, म्हणून कुणाच्या मीटरची वीजही नको. शत्रू मात्र नवे. उंदीर आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे गोदामांचे कंटेनर. अंजूर फाट्याकडून, मानकोलीकडून येणारा उंच कंटेनर आत गल्लीत शिरला की लोंबती वायर ओढून घेऊन जातो. पूर्वी तांब्याची असती तर जागेवर जोडून दिली असती. आता घराघरांत डब्यावर लाल दिवा लागतो आणि मी मशीन घेऊन शिडीवर.

तक्रारींची जात बदलली. पूर्वी ‘मुंग्या येतात’, आता ‘गोल फिरतंय’. पूर्वी पिन बघायचो, आता पासवर्ड. अर्ध्या घरांत पासवर्ड पुण्याच्या जावयाचा असतो आणि जावई दुपारी फोन उचलत नाही. क्रिकेटच्या दिवशी तर तमाशा. स्ट्रीमिंगवरची मॅच केबलच्या मागे काही सेकंद चालते. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर केबल, वर फायबर; खालून आरडाओरडा झाला की वरच्याला कळतं विकेट गेली, पण त्याच्या पडद्यावर बॉलर अजून धावतोय. अशा एका गृहस्थाने मला रात्री बोलावून सांगितलं, नेट पळव नाहीतर खालच्याची केबल काप.

लोकल चॅनेल गेल्याचं मला मात्र वाईट वाटतं. गणपतीत मंडळांच्या आरत्या, हळदीचे कार्यक्रम, वऱ्हाळा तलावावरचं विसर्जन, रमजानच्या शुभेच्छांच्या जाहिराती, हरवलेल्या पोराची पट्टी. सगळं आमच्या कंट्रोल रूममधून सुटायचं. ते आता यूट्यूबवर जातं, आणि दुबईतला माणूसही बघतो, हे खरं. पण शेजारच्या आळीत काय चाललंय ते रिमोट फिरवताना सहज समोर यायचं, ते यायचं थांबलं.

अजून फोन येतात, “दादा, केबल काढू का?” मी धंद्याचा विचार न करता सांगतो. घरात एकटी म्हातारी आजी असेल आणि तिला ४१२ नंबर पाठ असेल तर काढू नका. ॲपच्या चौकटींत ती हरवते. भाड्याची खोली असेल, कधी सुटेल माहीत नसेल, तर छत्री घ्या, उचलून नेता येते. शिकणारी पोरं असतील तर फायबर लागणारच आहे, मग केबलचे वेगळे कशाला?

पद्मानगरच्या आक्कांकडे गेल्या महिन्यात गेलो होतो. आता फायबर, टीव्हीमागे काडी, तेलुगूची दोन ॲप, मराठीचं एक, क्रिकेटचं वेगळं. मी वायरीतल्या सिग्नलची ताकद तपासता तपासता सहज मनात बेरीज केली. २०१९ च्या त्या यादीने जे भांडण लावलं होतं त्याच्या दुपटीच्या वर आकडा गेला. विचारलं, “आक्का, आता महिन्याला किती होतात?”

“काय माहीत. मुलाच्या फोनमधून आपोआप कापतात. कधी वर्षाचे, कधी तीन महिन्यांचे.” मग रिमोट माझ्या हातात देत म्हणाल्या, “ते जाऊ दे रे, आधी याला आवाज का येत नाही ते बघ.”